पेस्तनशाही रुपयामागचा माणूस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मराठवाड्यातल्या जुन्या पेठांवर लिहिलं होतं, त्यात जालन्याबद्दल सांगताना पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्याचं नाव एका ओळीत आलं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्याच माणसाला द्यायचं ठरवलं. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेतो.

प्रश्न : आमचं घर जुन्या जालन्यात आहे. माळ्यावरून लाल कापडात बांधलेली एक जुनी वही निघाली, मोडी लिपीत आहे. ओळखीच्या एका गुरुजींनी वाचून सांगितलं की त्यात जागोजागी "पेस्तनशाही रुपये" असा हिशोब मांडलाय. आम्हाला तर वाटलं पेस्तन नावाचा कुणी बादशहा होऊन गेला का काय. हा नेमका कोण आणि याच्या नावाचा रुपया कसा? — एक वाचक, जालना

ती वही आधी जपून ठेवा, लॅमिनेशन वगैरे अजिबात करू नका. आता उत्तर.

बादशहा नाही, व्यापारी. दोन भाऊ होते, थोरले विकाजी मेहेरजी आणि धाकटे पेस्तनजी मेहेरजी, मूळचे तारापूरचे, म्हणजे आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या समुद्रकाठचे. घराण्याचा पैसा उभा राहिला तो कंपनी सरकारकडून घेतलेल्या जकातीच्या मक्त्यांमधून, म्हणजे वसुलीच्या ठेक्यांमधून. जकातीचा मक्ता घेणाऱ्याला एक गोष्ट आपोआप कळते, कुठला माल कुठून येतो, किती येतो, कुठं अडतो आणि कुठं कोण किती पैसे काढतं. या भावांनी ती माहिती नुसती वसुलीला न वापरता थेट व्यापारात घातली, आणि त्यांची नजर गेली घाटावरच्या कापसावर.

तेव्हाचा आपला मुलूख कसा होता हे डोळ्यापुढं आणल्याशिवाय त्यांचं धाडस कळणार नाही. १८०३ मध्ये असईची लढाई झाली, जालन्यापासून जवळच, भोकरदनच्या पुढं. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि नगर, खानदेश कंपनीकडं गेलं, इकडचा सगळा भाग निजामाचा. म्हणजे औरंगाबाद, जालना हे सरहद्दीचे गाव झाले, एका बाजूला इंग्रजांचा कायदा आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादचा दरबार, मधे नाकी. सातमाळ्याच्या डोंगरात भिल्लांचे उठाव चालू, तिकडं हदगावच्या बाजूला १८१९ मध्ये नौसाजी नाईकांनी नोव्ह्याची गढी इंग्रज फौजेविरुद्ध लढवली. पेंढाऱ्यांची दहशत नुकती कुठं ओसरत होती. अशा मुलखात मुंबईचा पैसा घेऊन यायला कुणी तयार नव्हतं. इथला सराफ, इथला मारवाडी, गुजराती सावकार होताच पण तो आपापल्या पेठेपुरता, फार तर हैदराबादपर्यंत.

१८२५-२६ मध्ये या पेढीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईला पाठवला. त्या प्रमाणावर वऱ्हाडचा कापूस मुंबईकडं नेण्याचा पहिला मान गॅझेटियर त्यांनाच देतात. हे लक्षात घ्या की वऱ्हाड तेव्हा निजामाचंच होतं, मेहकर, सिंदखेडराजा, जालना, औरंगाबाद हा सगळा एकाच राज्यातला रस्ता, आत्ता आपण विदर्भ आणि मराठवाडा म्हणून जी रेघ मारतो ती त्यावेळच्या कापसाला माहीत नव्हती. १८२७ मध्ये जालन्याला इंग्रज फौजेची छावणी बांधली गेली, आणि छावणी आली म्हणजे पगार वाटायला रोकड पाहिजे, धान्य पाहिजे, घोड्यांना चंदी पाहिजे, कापड पाहिजे. कुंडलिकेच्या काठावरची पेठ त्याच काळात फुगली.

मग हैदराबादच्या दरबारात त्यांना बोलावणं आलं. चंदूलाल हे तिथले सर्वेसर्वा, आधी पेशकार म्हणजे दिवाणाच्या हाताखालचे मोठे अधिकारी आणि पुढं दिवाण. दरबाराला पैशाची कायमची चणचण, कारण इंग्रजांनी गळ्यात घातलेली कंटिंजेंट फौज, तिचा खर्च वर्षाला ४० लाखांच्या आसपास. आधी विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी दरबाराला कर्ज द्यायची, वर्षाला २४-२५ टक्क्यांनी, ती १८२० च्या दशकात बसली. त्या रिकाम्या जागेत पेस्तनजी आले. १८३० च्या दशकात औरंगाबादची टांकसाळ त्यांच्या हातात आली, आणि तिथून जो रुपया पडला तो लोकांनी पेस्तनशाही म्हणून ओळखला. तुमच्या वहीतला रुपया तो हाच.

शेवट चांगला झाला नाही. दरबारानं लाखो रुपये उचलले, परतफेड म्हणून १८४१ मध्ये वऱ्हाडातल्या मोठ्या मुलखाचा वसूल पेढीला लावून दिला. १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले, खजिना रिकामा. नवीन कारभाऱ्यांना तो मुलूख परत पाहिजे होता, आणि १८४५ मध्ये पेस्तनजींना तो सोडायला भाग पाडलं गेलं, कर्ज मात्र फिटलेलं नव्हतं. इंग्रजांकडं दाद मागितली, पुष्कळ कागद लिहिले, हाती काही लागलं नाही. एवढी मोठी पेढी त्यातच बुडाली. ज्यांनी वीस वर्षं या मुलखातला रस्ता, बाजार, नाणं यात जीव ओतला त्यांच्याशी हे असं व्हायला नको होतं असं मला वाटतं, आणि ते मी इथं उघड लिहितो.

प्रश्न : आमच्या सेलूला आजोबा सांगायचे की रेल्वे आली आणि कापसाचा बाजार उभा राहिला. मग रेल्वेच्या आधी कापूस मुंबईला जायचा तरी कसा? एवढा लांब, एवढा फुगीर माल, परवडायचं कसं? — एक शेतकरी वाचक, सेलू, जि. परभणी

आजोबांचं बरोबरच आहे. तुमच्या सेलूवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली, मीटर गेज, आणि मग जालना, परतूर, सेलू, परभणी, नांदेड सगळीकडं जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. पण त्याच्या आधी, पेस्तनजींच्या काळात, कापूस बैलाच्या पाठीवरच जायचा.

बैलगाडी नाही म्हणत मी, बैलाची पाठ. गाडीचा रस्ताच नव्हता, घाट तर गाडीनं उतरायची सोयच नाही. हे काम लमाणांचं. तांडेच्या तांडे निघायचे, हजार हजार बैलांचे, पुढं घुंगरं बांधलेला म्होरक्या बैल, एकेका बैलावर दोन्ही बाजूंनी गोण्या, दिवसाला फार तर आठ-दहा मैल. जाताना कापूस, धान्य, येताना मीठ. कोकणातलं मीठ घाटावर हजारो वर्षं असंच आलंय, आणि परतीचं भाडं मिठात निघायचं म्हणून तर कापूस नेणं जरा तरी परवडायचं. अमरावतीची एक नोंद आहे की १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्यानं १,००,००० बैल कापूस लादून कलकत्त्याच्या बाजूला रवाना केले. त्यावरून हा धंदा केवढा होता कळतं.

आता अडचण काय व्हायची ते तुम्ही शेतकरी म्हणून लगेच ओळखाल. मोकळा कापूस गोणीत कोंबलेला, सगळ्या वाटेवर धूळ, मुक्कामाला गोण्या जमिनीवर उतरवायच्या आणि सकाळी परत लादायच्या, त्यात काडीकचरा, माती. मागचा बैल पुढच्या बैलाच्या गोणीत तोंड घालतो आणि कापूस ओढून खातो, हे त्या काळच्या इंग्रज कागदांमध्येसुद्धा लिहिलंय. एक वळवाचा पाऊस लागला की गोणी भिजून दुप्पट जड, बैल बसला की संपलं. मुंबईत पोचेपर्यंत माल मळका, वजन घटलेलं, आणि इंग्लंडचा गिरणीवाला म्हणणार हिंदुस्थानचा कापूस घाण असतो. घाण कापसात नव्हती हो, रस्त्यात होती.

पेस्तनजींच्या पेढीनं नेमकं इथं हात घातला आणि मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, टांकसाळीपेक्षाही मोठं. त्यांनी खामगावला आणि वऱ्हाडात आणखी ठिकाणी कापूस दाबायचे स्क्रू बसवले, म्हणजे माणसांनी फिरवून दाबायचं यंत्र. कापूस दाबून घट्ट गठ्ठा बांधला की तेवढ्याच बैलांवर जास्त माल जातो, धूळ आत शिरत नाही आणि बैलालाही ओढता येत नाही. तुमच्या परभणी भागात आज जिनिंगला ट्रॅक्टर लावून तुम्ही गाठी निघताना बघता, त्याची सुरुवात कुठली म्हणून विचाराल तर ही.

दुसरं, पेढी शेतकऱ्याला पेरणीच्या आधी उचल द्यायची. खेड्यात नगदी पैसा नव्हताच, सारा भरायला मात्र नगदीच लागायचा, त्यामुळं आधी पैसा हातात आला तरच शेतकरी ज्वारीच्या जागी कापूस लावायची जोखीम घेणार. पुढं १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याची वर्णनं सगळीकडं वाचायला मिळतात. १८७० मध्ये तर खामगावला कापसासाठी रेल्वेचा खास फाटा काढला आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पण तोपर्यंत पेस्तनजींचं दुकान उठून वीसेक वर्षं झाली होती, ज्यानं वाट मळून दिली त्याचं नाव त्या समारंभात कुणी काढलं असेल असं वाटत नाही.

प्रश्न : नाणं पाडणं हे राजाचं काम ना? मग एका व्यापाऱ्याला टांकसाळ कशी दिली, आणि त्यात त्याचा फायदा काय? आणि लांबच्या गावाला पैसे पाठवायचे तर रुपयांच्या थैल्या घेऊन जायचे का? — एक शिक्षक, अंबड

छान प्रश्न. राजाचं काम खरंच, पण निजामाच्या राज्यात त्या काळात टांकसाळी मक्त्यानं दिल्या जायच्या. नाण्यावर नाव मोगल बादशहाचंच, पाडणारा वेगळा, म्हणून लोकांनी रुपये पाडणाऱ्यावरून किंवा ठिकाणावरून ओळखायला सुरुवात केली. चंदूलालांचे भाऊ गोविंदबक्ष, त्यांच्या नावानं गोविंदबक्षी रुपया, पेस्तनजींच्या नावानं पेस्तनशाही, शिवाय कंपनीचा कलदार आणि हैदराबादचे निरनिराळे. बाजाराला माणूस आठ आणे घेऊन गेला तरी सराफ आधी नाणं वाजवून बघणार, कसाला लावणार, आणि मग बट्टा म्हणजे नाण्याच्या किमतीतली कसर कापणार. हा बट्टा गरिबालाच जास्त लागायचा कारण त्याच्या हातात झिजलेलं, चार हात फिरलेलं नाणं यायचं.

व्यापाऱ्याचा फायदा दोन प्रकारचा. एक तर चांदी आणून नाणं पाडायची मजुरी आणि वर राहणारा नफा. दुसरा खरा फायदा म्हणजे कापूस घ्यायचा तर गावोगाव रोकड पाहिजे, छावणीचा पगार भागवायचा तर रोकड पाहिजे, आणि ती रोकड स्वतःच्याच टांकसाळीतून काढता आली तर सराफाच्या बट्ट्यातून सुटका. मुंबईहून चांदी येणार, औरंगाबादला रुपया होणार, रुपया खेड्यात जाऊन कापूस होणार, कापूस मुंबईला जाऊन पुन्हा चांदी होणार. एवढं मोठं चक्र एका घराच्या हातात होतं.

थैल्या घेऊन जायची वेळ शक्यतो येऊ द्यायचे नाहीत, वाटेत लुटीची भीती. त्यासाठी हुंडी. जालन्याच्या पेढीवर पैसे भरा, मुनीम चिठ्ठी लिहून देणार, ती मुंबईच्या पेढीवर दाखवली की तिथं पैसे मिळणार. दर्शनी हुंडी असेल तर दाखवल्याबरोबर, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडी फक्त पत असलेल्या माणसाच्या हातीच वटायची, त्यामुळं वाटेत चोरली तरी चोराला उपयोग नाही. हरवलीच तर दुसरी प्रत लिहून द्यायची ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. वर्गात मुलांना हे नक्की सांगा सर, बँका नसताना आपल्या पेठांनी केवढी भक्कम सोय उभी केली होती, आणि ती सगळी चालली माणसाच्या शब्दावर.

पुढं सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले तेव्हा त्यांनी हा नाण्यांचा गोंधळ मोडला, जागोजागच्या टांकसाळी बंद करून एकच हैदराबादला ठेवली आणि हाली सिक्का म्हणजे चालू नाणं सुरू झालं, जे आपल्या आजोबा-पणजोबांनी वापरलं.

प्रश्न : तुम्ही या लोकांचं फार कौतुक करता असं वाटलं. सारावसुलीचा मक्ता घेणारे म्हणजे शेतकऱ्याला पिळणारेच ना? शेवटी सावकार तो सावकार. — एम.ए. चा विद्यार्थी, परभणी

तुमचा राग मला मान्य आहे आणि तो योग्य ठिकाणी आहे. मक्त्याची पद्धत वाईटच होती, त्यात दुमत नाही. दरबार एका माणसाला सांगणार की या तालुक्याचे एवढे लाख आधी आण, मग तू किती वसूल करतोस ते तुझं तू बघ. दोन वर्षांनी कुणी जास्त बोली लावली की मक्ता त्याला. उद्या हातात राहील की नाही याची खात्री नसलेला मक्तेदार विहीर कशाला बांधेल, बांध कशाला दुरुस्त करेल, तो फक्त ओरबाडणार. त्या काळात वऱ्हाड-मराठवाड्यातली गावंच्या गावं उठून कंपनीच्या मुलखात गेली ती यामुळं. पेस्तनजींच्या आधी वऱ्हाडातला मोठा मुलूख पूरणमल या हैदराबादच्या सावकाराकडं होता, १८३९ मध्ये इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, दबावानं तो काढून घेतला गेला. म्हणजे एक सावकार गेला आणि दुसरा आला, कुणब्याच्या दारात वसुलीचा शिपाई तोच.

पण मला एक फरक दिसतो आणि तो मी सोडणार नाही. ज्या सावकाराचा धंदा फक्त व्याजाचा, त्याला शेतकरी बुडाला तरी चालतो, जमीन मिळते. ज्याला पुढच्या वर्षी पुन्हा कापूस पाहिजे त्याला शेतकरी उभा राहायला पाहिजे. पेस्तनजींचा पिंड दुसऱ्या प्रकारचा होता, उचल देणं, स्क्रू बसवणं, रस्त्याचा विचार करणं हे सगळं त्यातूनच आलं. त्यांची गाडी घसरली ती दरबाराला कर्ज द्यायला लागल्यावर. मालाच्या व्यापारात ते मालक होते, दरबाराच्या कर्जात ते आशेवर जगणारे झाले, आधीचं बुडू नये म्हणून आणखी द्यायचं, आणि परतफेडीत पैसा नाही तर मुलूख घ्यायचा, की झाले मक्तेदार. १८४१ नंतरची ती चार वर्षं म्हणून मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात चुकीची वाटतात, शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तरी आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तरी.

आणि एक बघा, यातून वाचलं कोण? दरबाराचं कर्ज ज्या कंटिंजेंट फौजेमुळं वाढलं ती इंग्रजांच्या हुकमाखाली, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, औरंगाबाद, एलिचपूर इथं ठेवलेली, पगार निजामानं द्यायचा. थकबाकी वाढत गेली आणि १८५३ च्या तहात त्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी अख्खं वऱ्हाडच स्वतःच्या ताब्यात घेतलं. ज्या मुलखाचा वसूल व्यापाऱ्याला चार वर्षंसुद्धा धड मिळाला नाही तो कंपनीला कायमचा मिळाला, तोही सगळ्यात चांगला कापूस पिकवणारा. एम.ए. च्या प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या. सावकारावर रागवा, जरूर रागवा, पण हिशोब त्या तहापर्यंत नेऊन मांडा.

प्रश्न : माझ्याकडं औरंगाबादच्या टांकसाळीचे म्हणतात असे चांदीचे चार रुपये आहेत, घरातलेच. एकजण म्हणतो वितळवून चांदीचा भाव घे, एकजण म्हणतो ऑनलाइन लाखो मिळतात. काय करू? — एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

ताई, वितळवू नका. आणि लाखोंच्या गोष्टीही मनावर घेऊ नका, त्या व्हिडिओवाल्यांनी पुष्कळ साध्या माणसांचे "रजिस्ट्रेशन"चे पैसे खाल्लेत, आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला फोन ठेवून द्या. चिंच, राख, पितांबरी काही लावू नका, काळपट थर राहू द्या, घासलं की अक्षरं जातात आणि नाण्याची किंमत अक्षरांतच आहे. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. फारसी वाचणारा किंवा नाणी जाणणारा माणूस विद्यापीठाच्या इतिहास विभागात मिळेल, त्यांना दाखवून घ्या. कायद्याचं म्हणाल तर १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं, ते परदेशात पाठवता येत नाही. तुमचे घरातले आहेत म्हणून प्रश्न नाही, पण कुणाला पाया खणताना किंवा शेतात असा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

प्रश्न : त्यांचं काही शिल्लक आहे का कुठं? बघायला जाता येईल असं? — एक वाचक, हिंगोली

सिकंदराबादला आहे. तिथल्या एम.जी. रोडवरची पारशी अग्यारी या दोघा भावांच्या नावाची, १८४७ ची. साल बघा, मुलूख हातातून जाऊन दोन वर्षं झालेली, पेढी कोसळत आलेली, आणि त्या अवस्थेत त्यांनी आपल्या लोकांसाठी हे काम पूर्ण केलं. आत जायची परवानगी पारशी नसलेल्यांना नसते, बाहेरूनच बघावी लागेल. तारापूरला विकाजींनी बांधलेली अग्यारी आहे.

प्रश्न : "जालना सोने का पालना" म्हणतात. पेस्तनजींच्या नंतर असं नवं काही सुरू करणारा व्यापारी आपल्या जालन्यात झाला का, की सगळे नुसते आडतेच? — बियाणे दुकानदार, जालना

तुमच्या दुकानातच उत्तर आहे की. बद्रीनारायण बारवाले. छावणी १९०३ मध्ये उठली तेव्हा जालना बसणार असं वाटायला हरकत नव्हती, पण रेल्वे तोवर आलेली होती आणि कापूस, तेलबिया, आडत यावर गाव तगलं. बारवाले त्याच व्यापारी वातावरणातले. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या कृषी प्रदर्शनात त्यांना भेंडीची पुसा सावनी ही जात मिळाली, त्या काळी भेंडीवर केवड्या रोग म्हणजे शिरा पिवळ्या पडणारा रोग फार यायचा आणि ही जात त्याला दाद देत नव्हती. ते बी त्यांनी जालन्यात वाढवलं, आसपासच्या शेतकऱ्यांना दिलं, आणि १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी उभी केली.

बियाणं तोपर्यंत घरचं किंवा सरकारी फार्मचं. एका खासगी दुकानदारानं विकत दिलेलं, दरवर्षी नवीन घ्यावं लागणारं संकरित बी शेतकऱ्यानं का घ्यावं, हे पटवणं सोपं नव्हतं. त्यांनी केलं असं की बीजोत्पादनच शेतकऱ्याच्या रानात नेलं, कंपनीनं नर-मादी वाणाचं मूळ बी द्यायचं, शेतकऱ्यानं ठरलेलं अंतर राखून प्लॉट करायचा, बायकांनी सकाळी सकाळी फुलांचं परागीकरण हातानं करायचं, आणि तयार बी आधी ठरलेल्या दरानं कंपनीनं उचलायचं. जालना, देऊळगावराजा, सिंदखेडराजाच्या पट्ट्यात आज जे भाजीपाल्याचे बीजोत्पादनाचे प्लॉट आणि शेडनेट दिसतात त्यांचं मूळ इथं आहे. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, २००१ मध्ये पद्मभूषण, २०१७ मध्ये ते गेले. गावात डोळ्यांचा दवाखाना, गणपती नेत्रालय, हेही त्यांच्याच पुढाकाराचं.

बीटी कापसावरून पुढं जे वाद झाले, बियाण्याचे दर, बोंडअळी, त्यावर तुमच्या काउंटरला रोज शेतकरी बोलतातच, तो विषय स्वतंत्र आहे आणि त्यावर पूर्ण सदर करायला पाहिजे. तुम्ही दुकानात ऐकलेले शेतकऱ्यांचे प्रश्न लिहून पाठवा, त्यांच्याच शब्दांत, दिवाळीनंतरच्या अंकात घेऊ.